चहा निवण्याआधी

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. आज सकाळचा चहा तुम्ही गरम प्यालात का? खरं सांगा!

आमच्या केनवडला काय किंवा तुमच्या गावात काय, चित्र एकच असतं. गॅसवर पातेलं चढतं. पहिला कप सासऱ्यांचा, दुसरा नवऱ्याचा, मग मुलांचा, मग दारात आलेल्या गड्याचा. आपला कप ओट्यावर तसाच. मध्येच डबा, मध्येच दूधवाला, मध्येच नळ. आठवण येते तेव्हा चहावर साय धरलेली असते. ती बोटानं बाजूला सारायची आणि उभ्याउभ्याच एका घोटात कप रिकामा करायचा. ‘घेते नं मी नंतर’ हे आपलं पेटंट वाक्य!

या ‘नंतर’ची गोष्ट आज सांगायची आहे. ती केनवडमध्ये सुरू होते आणि पुण्यातल्या एका बागेतून थेट जपानपर्यंत जाते.

माझ्या मोठ्या जाऊबाई पन्नाशीच्या आहेत. घर, शेत, गोठा सगळं त्यांच्या हातावर. गेली काही वर्षं मी बचत गटाच्या बायकांबरोबर गावात रक्त तपासणीची शिबिरं भरवते. प्रत्येक शिबिरात जाऊबाई आलेल्या डॉक्टरांना, नर्सताईंना चहा करून पाठवायच्या. स्वतः मात्र कधी बोट पुढं केलं नाही. ‘नंतर पाहू वं, मले काय झालं?’ आणि मी, गावभर बायकांना अॅनिमियावर भाषण देणारी, माझ्याच घरातल्या बाईचा पांढराफटक चेहरा बघत होते आणि बघून न बघितल्यासारखं करत होते. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात तुरीच्या शेतातून येताना त्या बांधावरच बसल्या. डोळ्यांपुढं अंधारी आली होती. तपासलं तर हिमोग्लोबिन 7.4. बाईचं ते निदान 12 तरी असायला हवं. पाळीचा त्रास दोन वर्षांपासून होता, तोही त्यांनी ‘नंतर’मध्ये टाकलेला! डॉक्टर म्हणाले, रक्त कुठं जातंय ते शोधायला हवं, मोठ्या ठिकाणी तपासण्या करा. पुण्यात माझी भाची राहते, म्हणून आम्ही रात्रीच्या गाडीनं पुणं गाठलं. तपासण्या झाल्या. त्यात एक तुकडा काढून तपासायला पाठवला होता. रिपोर्ट परवा मिळेल म्हणाले.

म्हणजे मधला एक अख्खा दिवस रिकामा. त्या दिवसाची आम्हा दोघींना भीतीच वाटत होती. काम नसलं की मन नको तिकडं धावतं. जाऊबाईंनी सकाळी सहालाच भाचीच्या घरातली भांडी घासून ठेवली होती.

भाचीनं त्यांच्या हातातली घासणी काढून घेतली. म्हणाली, ‘मोठ्या मावशी, आजचा दिवस माझा. सकाळी बाग, दुपारी चहा. दोन्ही जपानी!’

पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. माझी भाचीही त्यांतलीच. एक वर्ष ती ओकायामा नावाच्या शहरात शिकायला होती. आता एका कंपनीत दुभाष्याचं काम करते. खरं तर पुणं, जपान आणि बायका हे नातं जुनं आहे. टोकियोला 1901 साली मुलींचं विद्यापीठ निघालं. त्याची माहितीपुस्तिका महर्षी कर्व्यांच्या वाचनात आली आणि त्या प्रेरणेतून त्यांनी 1916 साली पुण्यात महिला विद्यापीठ काढलं. तेच आजचं एसएनडीटी. जपानहून आलेल्या एका पुस्तिकेनं आपल्या कितीतरी लेकी पदवीधर केल्या!

तर आम्ही गेलो सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात. याचंच दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. पुण्याचं आणि ओकायामाचं सख्य आहे. तिथल्या तीनशे वर्षांच्या ‘कोराकुएन’ या बागेवरून ही दहा एकरांची बाग बेतलेली आहे. पु. लं.नी ‘पूर्वरंग’मध्ये आपल्या जपानच्या प्रवासाविषयी लिहिलंय, त्यामुळं या बागेला त्यांचं नाव शोभूनही दिसतं.

तिकीट काढून आत शिरलो आणि गाड्यांचा आवाज मागं राहिला. हिरवळीचे उंचसखल गालिचे, मधून वाहणारं पाटाचं पाणी, त्यावर छोटे पूल, तळ्यात लाल-पांढरे मासे. फुलांची गर्दी नाही, रंगांचा भडकपणा नाही. जाऊबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

‘दहा एकर रान, एवढं पानी, अन पेरलं काईच नाई?’

शेतकरणीचा प्रश्न! भाची खळखळून हसली. म्हणाली, ‘मावशी, मूळ बागेत पेरलंय. ओकायामाच्या बागेत भाताचं एक खाचर आहे आणि चहाचा मळासुद्धा आहे. मे महिन्यात तिथं चहाची पानं खुडण्याचा सोहळा होतो.’ हे ऐकून जाऊबाईंना ती बाग एकदम पसंत पडली.

चालता चालता भाची सांगत होती. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा यानं 1687 साली ती बाग करायला घेतली आणि 1700 साली ती पुरी झाली. साधारण तेहेतीस एकरांची. जपानच्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. सरदार तिथं पाहुण्यांना नेई, पण ठरावीक दिवशी रयतेलाही आत सोडत. 1884 पासून ती सगळ्यांसाठी खुली झाली. 1934 साली नदीच्या पुरानं तिची नासधूस झाली, 1945 साली बॉम्बहल्ल्यात तिच्यातल्या इमारती जळाल्या. पण जुने नकाशे आणि चित्रं जपून ठेवलेली होती, त्यावरून ती पुन्हा होती तशी उभी केली.

‘वाट सरळ कायले नाई केली? किती वळसे हे!’ जाऊबाईंचा पुढचा प्रश्न.

तेच तर त्या बागेचं मर्म आहे. ही फिरायची बाग. एका जागी उभं राहून सगळी दिसायची नाही. वळण आलं की नवं दृश्य. आधी तळं, मग दगड, मग उंचवटा. आणखी एक गंमत म्हणजे बागेबाहेरचा डोंगर किंवा किल्लाही त्या दृश्यात धरलेला असतो. ओकायामाला काळ्या रंगाचा किल्ला दिसतो. आम्हाला झाडांच्या शेंड्यांवर पर्वतीची टेकडी दिसली. आपलं नसलेलंही नजरेपुरतं आपलं करून घ्यायचं. किती छान कल्पना, नाही?

दोन वळणं झाल्यावर जाऊबाईंचा चालण्याचा वेग कमी झाला. दम लागला म्हणून असेल, पण तेवढंच नव्हतं. त्या बघू लागल्या होत्या. पाण्याच्या कडेला बसलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कोणी हाक मारली नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘लग्नाले तीस वर्षं झाली. असं बिनकामाचं बसणं आजच पाह्यलं.’

मी विचारलं, ‘कोराकुएन म्हणजे काय गं?’

भाची म्हणाली, ‘नंतर सुख घेण्याची बाग.’

आम्ही दोघी एकमेकींकडं बघतच राहिलो. नंतर! हा शब्द आमची पाठ जपानमध्येही सोडायला तयार नाही!

तिनं अर्थ उलगडून सांगितला. हे नाव 1871 साली दिलं गेलं. त्यामागं एक जुना चिनी विचार आहे. ज्याच्या हाती सत्ता आहे, त्यानं चिंता सगळ्यांच्या आधी करावी आणि सुख सगळ्यांच्या नंतर घ्यावं.

तिथं बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, हे तर आपलंच वर्णन. चिंता आधी, सुख नंतर. शेवटची पोळी आपली, शेवटचा कप आपला, शेवटची तपासणी आपली. पण मैत्रिणींनो, त्यात एक मोठा फरक आहे. तो नियम राजासाठी होता. ज्याचं कोठार भरलेलं आहे, त्याला सांगितलेलं होतं की बाबा रे, तू थांब. जिच्या अंगात रक्तच कमी आहे, तिला थांबायला कोणी सांगितलं? आणि दुसरी गोष्ट. त्या सरदाराचं ‘नंतर’ कधीतरी येत होतं. त्यासाठी त्यानं तेरा वर्षं खपून बाग केली होती. आपलं ‘नंतर’ येतच नाही. त्याच्यासाठी आपण वीतभर जागासुद्धा राखलेली नसते.

दुपारी जेवण झालं. आम्ही सवयीनं लगेच चहाची वाट बघू लागलो, तर भाचीनं घड्याळाकडं बोट दाखवलं. ‘दीड तास थांबायचं. मावशीचं रक्त कमी आहे नं!’ बरोबरच होतं. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह शरीरात शोषू देत नाही. डाळ, पालेभाजी, भाकरी यांतलं लोह तर विशेष अडतं. हे मी स्वतः शिबिरात सांगते आणि घरी जेवणावर चहा घेते!

साडेतीनला तिनं चटई अंथरली. चार वाट्या, चार पुड्या मांडल्या. म्हणाली, चहाचं झुडूप जगात एकच. आपली दाणेदार पावडर त्याच पानांची आणि जपानचा हिरवा चहाही त्याच पानांचा. आपल्याकडं पानं चुरडून, काळी पडू देऊन वाळवतात. जपानमध्ये खुडल्याबरोबर वाफ देतात, म्हणून रंग हिरवाच राहतो.

पहिला सेंचा. त्याला उकळतं पाणी चालत नाही. उकळून थोडं निवलेलं, सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी घालायचं आणि मिनिटभर थांबायचं. जाऊबाईंनी घोट घेतला. ‘साखर नाई, दूध नाई, मंग चा कायचा? मेथीच्या पाल्याचं पानी लागून राह्यलं.’ दुसऱ्या घोटाला मात्र त्या काही बोलल्या नाहीत.

दुसरा होजिचा, म्हणजे भाजलेल्या पानांचा. तपकिरी, खमंग. तिसरा गेनमाइचा. त्यात भाजलेले तांदूळ आणि फुटलेल्या लाह्या असतात. महागडा चहा पुरवून वापरायला गरिबांनी त्यात तांदूळ घातले, असं म्हणतात. वाटी तोंडाजवळ नेताच जाऊबाईंचा चेहरा फुलला. ‘हा आपला! भट्टीवरच्या मुरमुऱ्याचा वास येते.’ त्यांनी तो दोनदा मागून घेतला. मागून! तीस वर्षांत मी त्यांना स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं.

चौथा माच्चा. ही पानांची अगदी बारीक हिरवी पूड. वाटीत पूड, गरम पाणी आणि बांबूच्या छोट्या झाडणीसारख्या घुसळणीनं फेस येईस्तोवर घुसळायचं. भाचीचा हात चुकत होता. जाऊबाईंनी ती घुसळणी घेतली आणि मनगटाच्या चार फेऱ्यांत असा फेस आणला की बघत राहावं. जन्मभर रवीनं ताक केलेल्या बाईला माच्चा काय अवघड!

हा चहा कडू असतो, म्हणून आधी गोड खायचं. जपानमध्ये त्यासाठी लाल घेवड्यासारख्या ‘अझुकी’ दाण्यांचं साखर घालून वाटलेलं सारण करतात. भाचीनं त्याऐवजी चणाडाळीच्या पुरणाचे छोटे गोळे केले होते. म्हणजे बघा, पुरण तिकडंही आहे!

मग वाटी दोन्ही हातांनी उचलायची, थोडी फिरवायची आणि शांतपणे प्यायची. हा सगळा सोहळा घडवला सेन नो रिक्यू या चहागुरूनं, सोळाव्या शतकात. त्यांच्या चहाघराचं दार जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचं. कितीही मोठा सरदार असो, तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर वाकूनच आत यायचं. आत सगळे सारखे. एके काळी हा पुरुषांचाच प्रांत होता. 1868 नंतर जपानमध्ये नवा काळ आला, मुलींच्या शाळा निघाल्या, तिथं हा विधी शिकवू लागले. आज तो शिकणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत.

आणि एक योगायोग ऐका. चीनहून 1191 साली चहाचं बी घेऊन येऊन जपानमध्ये चहा रुजवणारे भिक्षू एइसाई मूळचे ओकायामा भागातलेच! त्यांनी 1211 साली चहाच्या गुणांवर पुस्तक लिहिलं. राज्य करणाऱ्या शोगुनला एकदा आदल्या रात्रीची दारू बाधली, तेव्हा एइसाईंनी त्याला चहा पाजला आणि वर ते पुस्तकही दिलं! ही गोष्ट जाऊबाईंना फार आवडली. म्हणाल्या, ‘आपल्या गावात वाटा लागते ते पुस्तक.’

पण चहा म्हणजे औषध, असं मात्र समजू नका. हल्ली आपल्याकडंही ‘ग्रीन टी’ची पाकिटं आली आहेत. पंधरा दिवसांत वजन उतरेल या आशेनं बायका जेवण सोडून तो पितात. तसं काही होत नाही. हिरव्या चहातही टॅनिन असतंच. उपाशीपोटी भूक मारायला प्यायलेला चहा, मग तो काळा असो की हिरवा, आपल्या उपयोगाचा नाही. शेतावर जाणाऱ्या आपल्या किती बायका सकाळी नुसत्या चहावर निघतात, आठवा. 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. दोन बायका शेजारी बसल्या, तर त्यांतली एक!

त्या दुपारी आम्ही तिघी दीड तास चटईवर बसलो होतो. बोललो थोडंच. निघताना भाचीनं एक जपानी म्हण सांगितली. तिचा भाव असा की ही भेट पुन्हा होणार नाही, असं समजून आलेल्याला चहा द्यावा. जाऊबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. उद्याचा रिपोर्ट दोघींच्याही मनात होता. त्या म्हणाल्या, ‘उद्या काईबी निंगो. आजचा दिवस माहा झाला.’

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. जी भीती होती ते निघालं नाही. गर्भाशयात साधी गाठ होती, तिच्यावर इलाज होता. लोह सलाईनमधून दिलं, मग गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, गोळी चहासोबत घ्यायची नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या. आणि पुन्हा म्हणाले, दोन वर्षं आधी आला असता तर एवढी वेळ आली नसती.

आम्ही परत आलो तेव्हा रथसप्तमी चार दिवसांवर होती. आमच्याकडं हळदीकुंकू राहिलेलंच होतं. दरवर्षी आपण काय करतो? वाण देतो, तिळगूळ देतो, बायका उभ्याउभ्या चहा घेतात आणि घरची बाई आत-बाहेर पळत असते. यंदा आम्ही दोन नियम केले. प्रत्येकीनं सतरंजीवर बसून चहा प्यायचा आणि घरच्या बाईनंही सगळ्यांबरोबर बसायचं. माच्चा नाही, सेंचा नाही, आपलाच आल्याचा चहा, गोड! वाण म्हणून लिंबू आणि गूळ-शेंगदाण्याचा लाडू दिला. नर्सताईंना बोलावलं होतं, तिथंच बोटातून रक्त तपासलं. पहिलं बोट जाऊबाईंनी पुढं केलं. मग कोणाची ‘नंतर’ म्हणायची टाप होती!

तेव्हापासून आमच्या गटाची बैठक चार वाजता असते. आधी अर्धा तास चहा, मग हिशेब. कोणी उशिरा आली तर तिचा कप झाकून ठेवत नाही. ती आली की पुन्हा ताजा करतो. अंगणातल्या तुळशीशेजारी एका गटाबाईनं दोन दगड आणि एक माठ मांडून बसायची जागा केली आहे. तिला ती ‘आमची जपान’ म्हणते.

तीन महिन्यांनी जाऊबाईंचं हिमोग्लोबिन 10.6 आलं. बाराला अजून वेळ आहे.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले होते. त्या ओट्यावर बसल्या होत्या. हातात कप, कपातून वाफ निघत होती. आतून भासऱ्यांचा आवाज आला, ‘अवं, माहा टॉवेल कुठं हाये?’ मला वाटलं, आता उठतील. सवयीनं मीच अर्धी उठले होते.

जाऊबाईंनी कप खाली ठेवला नाही. बसल्या जागेवरूनच त्यांनी उत्तर दिलं.

‘थांबा. नंतर!’